प्रोग्रॅम इन्स्टॉल होत नाही? पैसे मोजण्याआधी हे तपासा

सेटअप फाइल डाउनलोड केली, डबल क्लिक केलं आणि पडद्यावर एररची चौकट आली. दुरुस्तीवाल्याला फोन केला की अनेकदा ऐकू येतं, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ लगेच हो म्हणू नका. एक प्रोग्रॅम बसत नाही म्हणून अख्खा संगणक पुसायची गरज क्वचितच पडते. बहुतेक वेळा उपाय घरच्या घरी आणि फुकट होतो.

आधी त्या चौकटीचा मोबाइलवर फोटो काढा. निम्मं निदान त्या मजकुरातच असतं. 1618 हा आकडा दिसला, तर दुसरं एखादं इन्स्टॉलेशन मागे चालू आहे. ते संपू द्या किंवा संगणक रीस्टार्ट करा. फाइल ‘करप्ट’ असल्याचं लिहिलं असेल, तर डाउनलोड अर्धवट झालं असण्याची शक्यता मोठी. ती डिलीट करून मूळ कंपनीच्या साइटवरूनच पुन्हा उतरवा. खर्च फक्त डेटाचा.

खरी गोची जुन्या विंडोजची. लिबरऑफिस हा मोफत, मराठीतही वापरता येणारा ऑफिस संच घ्या. त्याची 2025 मध्ये आलेली 25.8 आवृत्ती विंडोज 7 आणि 8 वर चालत नाही. क्रोमचंही तेच, विंडोज 7 साठी 109 ही शेवटची आवृत्ती. इथे संगणक बिघडलेला नसतो, त्यामुळे दुरुस्तीचे पैसे देण्यात अर्थ नाही. लिबरऑफिसच्या जुन्या आवृत्त्या त्यांच्याच साइटवर मोफत मिळतात. मात्र जुन्या आवृत्तीला सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळत नाहीत, म्हणून बँकेचे व्यवहार अशा संगणकावर करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ उघडून ‘सिस्टिम टाइप’ बघा. 32 बिटच्या विंडोजवर 64 बिटचा प्रोग्रॅम बसत नाही. नव्या लॅपटॉपवर फक्त स्टोअरमधलेच प्रोग्रॅम घेता येत असतील, तर तो ‘एस मोड’मध्ये असेल. त्यातून बाहेर पडायला मायक्रोसॉफ्ट पैसे घेत नाही, पण एकदा बाहेर पडलात की परत जाता येत नाही. सी ड्राइव्हमध्ये जागा आहे का, आणि तुमच्या खात्याला ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’चे अधिकार आहेत का, हेही बघून घ्या. अँटिव्हायरस बंद करण्याचा सल्ला मात्र मानू नका.

एवढं करूनही जमलं नाही, तर माणूस जरूर बोलवा. व्हिजिट चार्ज वेगळा का, काम झालं नाही तरी तो द्यावा लागेल का, जीएसटी धरून किती, हे फोनवरच विचारा. 18 टक्के जीएसटी धरला की 500 रुपयांचं काम 590 ला पडतं. फॉरमॅट करावाच लागला तर बॅकअप कोण घेणार आणि त्याचे किती, हे आधी लिहून घ्या. बिल घ्याच. बिलाशिवाय तक्रार करणं अवघड जातं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

एररच्या चौकटीत फोन नंबर दिसला, तर तो कधीही लावू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर संदेशात फोन नंबर नसतो. अशा नंबरावरचा माणूस संगणकाचा दूरस्थ ताबा मागतो आणि पुढे खात्यावर हात मारतो. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.