चंद्रपूर पाहायचं तर हेमलकशापर्यंत जा

चंद्रपूरला फिरायला निघालोय म्हटलं, की पुण्या-मुंबईची मंडळी दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "ताडोबाचं बुकिंग मिळालं का?" आणि दुसरा, "एवढ्या उन्हात?" मधलं शहर कुणाच्या खिजगणतीत नसतं. वीज, कोळसा, कागद, सिमेंट यांवर वाढलेलं हे गाव फिरण्यासारखं आहे, हे कित्येक चंद्रपूरकरांनाही अलीकडेच पटायला लागलंय. मी आधी कामासाठी आणि मग बिनकामाचा या भागात हिंडत आलो. त्यातून एक गोष्ट पक्की झाली : या शहरात जे जळतं, शिजतं, कापलं जातं, ते दूरच्या जंगलातून आलेलं असतं. म्हणून शहर पाहायचं, तर रस्त्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत जावं. ते टोक म्हणजे भामरागड तालुक्यातलं हेमलकसा. वाटेनं शिकवलं ते असं :

१. पहिली सकाळ परकोटाला द्या.
चंद्रपूर म्हणजे जुनं चांदा, गोंड राजांची राजधानी. शहराभोवती सुमारे अकरा किलोमीटरचा दगडी परकोट आहे. त्याला जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे आणि पाच खिडक्या. खिडकी म्हणजे इथं लहान वेस. काही वर्षांपूर्वी परकोट झाडाझुडपांत आणि कचऱ्यात बुडालेला होता. मार्च २०१७ मध्ये 'इको-प्रो' संस्थेच्या तरुणांनी रोज सकाळी कुदळ-फावडं घेऊन बुरूज मोकळे करायला सुरुवात केली आणि काम महिनोन्‌महिने नेटानं चालवलं. पुढं पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला. त्यांनी मोकळ्या केलेल्या वाटेवरून आज चालता येतं. अंचलेश्वर दरवाजाशी राजा बीरशहाची समाधी आहे, ती राणी हिराईनं बांधवली. नवऱ्यासाठी बायकोनं उभारलेली एवढी देखणी वास्तू आपल्याकडं फार नाही. उन्हं चढायच्या आत जा; दहानंतर दगड तापतो.

२. चिमण्यांकडे पाठ करून फोटो काढू नका.
बुरुजावरून उत्तरेकडं पाहिलं की औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. फोटोत त्या येऊ नयेत म्हणून बरेच जण कोन बदलतात. बदलू नका. २,९२० मेगावॉटचं हे केंद्र राज्यातल्या सर्वांत मोठ्या वीज केंद्रांपैकी एक आहे. त्याला पाणी इरई धरणाचं आणि कोळसा आसपासच्या खाणींचा. मुंबईतला पंखा फिरतो त्यात चंद्रपूरच्या हवेचा वाटा आहे. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी केली, तेव्हा चंद्रपूर त्यात वरच्या क्रमांकांत होतं. दुर्गापूरच्या बाजूला खाणीतून उपसलेल्या मातीचे डोंगर उभे आहेत, त्यांवर झुडपं माजलीत आणि त्या झुडपांत वाघ राहतात. वीज केंद्राच्या आवारातही वाघ दिसतात. "सकाळच्या शिफ्टला जाताना दिसला," हे इथला कामगार पाऊस पडल्याचं सांगावं तशा सुरात सांगतो. जंगल कुठं संपतं आणि कारखाना कुठं सुरू होतो, याची रेघ नकाशात असते; वाघाला ती ठाऊक नसते.

३. नाश्ता ठेल्यावर करा, जेवण भाताचं करा.
सकाळी पोहे मागितले की वर चण्याची लाल तर्री येते. आलुबोंड्यावरही तीच ओततात. "तिखट कमी" म्हणालात तर ठेलेवाला हसतो आणि तेवढीच घालतो. दुपारी मात्र भात. आपण पूर्व विदर्भात आहोत, हे ताट सांगतं : वडा-भात, लाखोळीची डाळ, धोप्याच्या पानांच्या वड्या आणि पावसाळ्यात वास्ते, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी. सांबार म्हणून पुढं आली ती कोथिंबीर निघेल. वाण विचारलात आणि 'एचएमटी' असं उत्तर आलं, तर घास थोडा सावकाश खा. हा तांदूळ याच जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी, शाळा अर्ध्यात सुटलेल्या माणसानं, आपल्या धुऱ्या-बांध्यांवर लोंबी निवडून-निवडून तयार केला. तो देशभर पिकला. त्यांच्या वाट्याला पैसा फारसा आला नाही. २०१८ मध्ये ते गेले.

४. बल्लारशाहच्या फलाटावर गाडीची वाट बघत बसू नका, भिंती बघा.
२०१८ मध्ये रेल्वेच्या स्थानक-सुशोभीकरण स्पर्धेत चंद्रपूर आणि बल्लारशाह या दोन स्थानकांना देशात पहिलं बक्षीस मिळालं. कोळशाच्या मालगाड्या बघायची सवय असलेल्या या फलाटांवर वाघ, अस्वल, मोर रंगवले आहेत. बल्लारपूर गावात वर्धा नदीच्या काठी गोंड राजांचा किल्ला आहे. चांद्याच्या आधीची राजधानी ती. पण खरं बल्लारपूर समजतं ते दोन ठिकाणी : कागद गिरणीच्या बाजूला आणि सागवानाच्या डेपोत. गिरणी १९४० च्या दशकातली. पिढ्यान्‌पिढ्या जंगलातला बांबू तिच्यात लगदा होत आला. आपल्यापैकी कित्येकांच्या शाळेच्या वह्या इथल्या कागदाच्या असतील. डेपोतल्या सागाचं नाव २०२३ मध्ये देशभर झालं, कारण अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी लाकूड इथून गेलं. ओंडक्यावर मारलेले आकडे बघून ठेवा. ही झाडं जिथली, तिकडंच आपल्याला पुढं जायचंय.

५. वैनगंगा ओलांडण्याआधी टाकी भरा, खिशात रोख ठेवा.
बल्लारपूर, गोंडपिपरी, मग आष्टीला वैनगंगेचा पूल आणि पलीकडं गडचिरोली जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा सगळा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच होता. पुलानंतरचे नियम साधे आहेत. निघायचं ते पहाटे, पोचायचं ते उजेडात. पोलिसांनी थांबवलं तर नाव-गाव नीट सांगायचं. ते त्यांचं रोजचं काम आहे. सूरजागडचं लोहखनिज वाहणारे अवजड ट्रक या पट्ट्यात सतत असतात, तेव्हा रस्त्याच्या अवस्थेबद्दल निघण्याआधी कुणाला तरी फोन करून विचारायचं. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात भामरागडची वाट पाण्याखाली जाते. तेव्हा धाडस दाखवू नये. वेळ असेल तर चामोर्शीजवळच्या मार्कंड्यासाठी वाट वाकडी करा. वैनगंगा तिथं उत्तरेकडं वळते आणि काठावर दगडात कोरलेला देवळांचा समूह उभा आहे. महाशिवरात्रीला जत्रा भरते. एरवी गर्दी नसते, शिल्पं निवांत बघता येतात.

६. आलापल्लीत मान वर करून चाला.
बल्लारपूरच्या डेपोत आडवं पाहिलेलं झाड इथं उभं भेटतं. आलापल्लीजवळ जुन्या सागाचा एक तुकडा तोडीविना राखला आहे, त्याला सगळे 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' म्हणतात. २०१४ मध्ये तो जैवविविधता वारसास्थळ झाला. राज्यातलं असं पहिलं. दोघांनी हात जोडूनही कवेत येणार नाहीत असे बुंधे आहेत. तिथून कमलापूरचा हत्ती कॅम्प गाठता येतो. इथं वनविभागाचे हत्ती आहेत. एकेकाळी त्यांना ओंडके ओढायला ठेवलं होतं. आता ओंडके यंत्रं ओढतात आणि हत्तींना बघायला माणसं येतात. या टापूत काय-काय बदललंय, ते या एका कॅम्पात कळतं.

७. जंगलातला माणूस शहरात कसा पोचला, तेही विचारा.
अहेरीकडचा मोलमपल्लीचा तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके १८५८ मध्ये गोंड, माडिया, रोहिले अशांची फौज उभारून इंग्रजांशी लढला. पकडल्यावर त्याला चांद्याला नेलं आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी तिथल्या तुरुंगात फाशी दिली. ज्या पिंपळाशी फाशी दिली त्याला आजही लोक हात जोडतात. साग आणि बांबूच्या आधी या रस्त्यानं हाही गेला. चंद्रपूर पाहताना पिंपळाची माहिती कुणी आपणहून देत नाही. मला ती अहेरीच्या बाजूला, चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या मामांनी दिली.

८. हेमलकशाला पर्यटक म्हणून नव्हे, पाहुणा म्हणून जा.
बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभारलं, हे सगळ्यांना माहीत असतं. २३ डिसेंबर १९७३ रोजी त्यांनी या जंगलात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि तो प्रकाश आणि मंदाकिनी आमटे या डॉक्टर जोडप्यानं उभा केला. तेव्हा रस्ता नव्हता, वीज नव्हती आणि माडिया लोकांची भाषा यांना येत नव्हती. दवाखाना झाडाखाली सुरू झाला. १९७६ मध्ये शाळा आली. आज तिथं शिकलेली माडिया मुलं डॉक्टर, शिक्षक, वकील झाली आहेत. २००८ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आता पुढची पिढी काम पाहते.

बहुतेकांना आधी प्राणी बघायचे असतात. बघा, पण ते इथं कसे आले हे ऐकून घ्या. माडिया शिकार करून खाणारे. उपाशी माणसाला शिकार सोड म्हणणं सोपं नसतं. मेलेल्या माकडिणीला बिलगलेलं पिल्लू पाहून प्रकाशभाऊंनी ते मागून घेतलं आणि पुढं धान्य-कपड्याच्या बदल्यात पोरकी पिल्लं येत राहिली : बिबटे, अस्वलं, तरस, मगरी. शेजारच्या गावांत शिकार कमी होत गेली, ती उपदेशानं झाली नाही. दवाखाना सुरू झाला, शेती सुधारली, पोटाची सोय झाली, तेव्हा झाली.

दवाखान्याच्या आवारात कॅमेरा आत ठेवा. कोसच्या कोस चालून आलेली माणसं तिथं झाडाखाली चूल मांडून रुग्णाची वाट पाहत असतात. ती आपल्यासाठी बसलेली नाहीत. मुक्कामाचं आधी कळवा, जेवणघरात सगळ्यांसोबत बसा, आपलं ताट आपण धुवा. 'जोहार' म्हणून हात जोडला की माडिया आजीच्या चेहऱ्यावर हसू येतं. पुढचं बोलणं मुलांच्या मदतीनं जमतं.

९. भामरागडच्या संगमावर थांबा आणि बाजारात कमी बोला.
हेमलकशापासून थोड्याच अंतरावर भामरागड. इथं पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्या इंद्रावतीला मिळतात, पलीकडं छत्तीसगड. हिवाळ्यात पाणी काचेसारखं असतं आणि वाळूत पाय गार पडतात. हीच पर्लकोटा पावसाळ्यात फुगून बाजारपेठेत शिरते आणि गावाचा जगाशी संबंध तोडते. आठवडी बाजारात चारोळी, मोहाची फुलं, सुकी मासळी, हंगामात वास्ते मिळतात. लाल मुंग्यांची चटणी कुणी पुढं केली तर एक बोट नक्की चाटा. लिंबापेक्षा आंबट आणि मिरचीपेक्षा झणझणीत. मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे वेचतात. तेव्हा गेलात तर आख्खं कुटुंब झाडाखाली वाकलेलं दिसेल. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. तिच्यासाठी बायकांनी आणि गावांनी वर्षानुवर्षं लढा दिलाय, तेव्हा "मोहाची कुठं मिळेल?" असं गमतीनंही विचारू नये.

१०. परतताना मेंढा गावाकडून या.
धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं छोटं गाव. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क या गावाला मिळाला. पण बांबू तोडून विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचा लागे. २७ एप्रिल २०११ रोजी तो परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला आणि गावानं स्वतःचा बांबू स्वतः विकला. हे ऐकताना बल्लारपूरची गिरणी डोळ्यांसमोर ठेवा. तोच बांबू, तेच जंगल. फरक इतकाच, की पूर्वी भाव कुणी दुसरा ठरवी, आता गाव ठरवतं. चंद्रपूर बदलतंय म्हणतात, त्यातला रंगवलेला वाघ मला आवडतो. पण बदल मोजायचा तर मी तो इथं मोजेन.

११. क्रम उलटा करू नका.
आधी जंगल आणि मग शहर असा बेत केलात, तर शहर भकास वाटेल आणि तुम्ही लवकर पळाल. आधी परकोट, चिमण्या, गिरणी, डेपो. मग आलापल्ली, हेमलकसा, भामरागड, मेंढा. चंद्रपूरला एक दिवस, वाटेला एक, हेमलकशाला निदान दोन आणि परतीला एक धरा. चैत्रात गेलात तर महाकालीची यात्रा सापडेल. मराठवाडा-तेलंगणातून आलेल्या भाविकांनी गाव भरलेलं असतं, पण ऊन सोसवलं पाहिजे. आणि ताडोबाची सफारी मिळाली नाही, तर सहल रद्द करू नका. वाघ पुढच्या वर्षी बघता येईल.