संगणकगृहांतील माणसाची जागा

कचेरींत काम करणाऱ्या माणसास जागा किती हवी, हा प्रश्न प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटतो. एक मेज, एक खुर्ची व पुढें संगणक मांडला कीं व्यवस्था झाली, असा सामान्य समज आहे. परंतु मनुष्य जेथें दिवसाचे आठ तास घालवितो, तेथील हवा, उजेड व जागा यांवर त्याचें आरोग्य अवलंबून असतें. आपल्यापैकीं पुष्कळ विद्यार्थी उद्यां अशाच खोल्यांत बसून उदरनिर्वाह करणार आहेत. म्हणून या विषयाचा थोडा विचार आम्ही येथें करीत आहों.

आपल्या देशांत १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यानें नव्या कारखान्यांत दर कामगारामागें ५०० घनफूट जागा ठरविली होती. पण कचेरी म्हणजे कारखाना नव्हे. जेथें मालाचें उत्पादन होत नाहीं, ती जागा केवळ संगणक बसविल्यानें कारखाना ठरत नाहीं, असा खुलासा १९८७ च्या दुरुस्तीनें केला. त्यामुळें संगणकापुढें बसणाऱ्यास त्या मापाचा आधार लाभला नाहीं.

ब्रिटनमध्यें १९९२ सालीं जे नियम झाले, ते कचेऱ्यांसही लागू आहेत. त्यांच्या अधिकृत मार्गदर्शनांत खोली रिकामी धरून दर माणशीं किमान ११ घनमीटर जागा सांगितली असून ३ मीटरांवरील उंची हिशेबांत धरलेली नाहीं. याचें कारण गणितानें पटेल. एक खोली ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद व ३.६ मीटर उंच आहे. तिचें घनफळ १०८ घनमीटर. म्हणजे ९ माणसें मावतील असें वाटतें. पण उंची ३ मीटर धरल्यास घनफळ ९० व माणसें ८ च होतात. नवव्याच्या वांट्याची जागा छताशीं आहे. तेथें त्यास बसतां येत नाहीं! शिवाय कपाटें व यंत्रें जमीन अडवितात, तेव्हां ८ हा आंकडाही कमी करावा लागतो.

आमच्या पाहण्यांत अशाच मापाची एक खोली आली. तींत १२ जण बसत. खिडकी पाठीशीं असल्यानें पडद्यावर चकाकी येई, म्हणून कोणीं कांचांस कागद चिकटविले व झडपा कायमच्या लावून टाकल्या. स्वस्थ बसलेला मनुष्यही सुमारें १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. त्यांत यंत्रांची भर. दुपारपर्यंत बहुतेकांचें डोकें दुखूं लागे, आणि दोष मात्र त्यांच्या आळसास दिला जाई. मेजें फिरवून खिडकी बाजूस घेतली असती व चार मेजें हलविलीं असतीं, तर पुष्कळ त्रास वांचला असता.

बसण्याचे नियमही ध्यानांत ठेवावे. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीस किंवा किंचित् खालीं असावी, अंतर हातभर असावें, पाय जमिनीस पूर्ण टेकावे. दर तासास पांच-दहा मिनिटें दुसरें काम करावें. दोन तासांनीं एकदम मोठी विश्रांति घेण्यापेक्षां हें अधिक हितावह आहे.

यंत्र महाग असतें, म्हणून त्याच्या हवेची काळजी सर्व घेतात. माणसाची काळजी घेण्यास त्यास किंमत लावण्याची वाट पाहूं नये. विद्यार्थीमित्रहो, एक मोजपट्टी घ्या व आपल्या शाळेच्या संगणकाच्या खोलीपासूनच मोजणीस आरंभ करा.