रविवारी पहाटे ग्रास कटर

प्रश्न : पुण्यातल्या आमच्या सोसायटीत पावसाळाभर दर रविवारी सकाळी साडेसहाला ग्रास कटर सुरू होतो. घरात तान्हं बाळ आहे. तक्रार कुठे करावी?

उत्तर : आधी सोसायटीच्या कमिटीकडे, आणि तीही लेखी. कारण कायदा इथे अर्धीच साथ देतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण नियमातला ‘दिवस’ सकाळी ६ वाजताच उजाडतो. मर्यादा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त ओलांडली गेली, तर पोलिसांकडे तक्रार करता येते. मोबाइल अ‍ॅपचा आकडा मात्र अंदाजापुरताच धरावा.

जर्मनीत निवासी भागात रविवारी आणि सुटीच्या दिवशी गवत कापायचं यंत्र चालवायलाच मनाई आहे. तसा ठराव इथल्या सोसायटीलाही सर्वसाधारण सभेत करता येतो : रविवार बंद, इतर दिवशी नऊनंतर.

खरा त्रास टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिनाचा. बॅटरीवरचं यंत्र बरंच शांत चालतं. लहान हिरवळीला तेवढं पुरतं. पावसाळ्यातल्या कमरेएवढ्या गवताला ते कमी पडू शकतं.

आणि माळीदादांकडेही पाहावं. यंत्र खांद्याला अडकवलेलं, इंजिन कमरेमागे धडधडतंय, कानांवर फक्त गुंडाळलेला पंचा. वरच्या मजल्यावर खिडकी लावून घेता येते, त्यांना ती सोय नाही. म्हणून कमिटीला अर्ज देताना वेळेच्या मागणीखालीच त्यांच्यासाठी इअरमफची मागणीही जरूर लिहावी.