जुना ट्रॅक्टर उन्हाळ्यात का तापतो?

वैशाखात नांदेड-लातूरकडे पारा अनेकदा ४२ अंशांपलीकडे जातो, आणि काळ्या जमिनीची खोल नांगरटही त्याच दिवसांत असते. अशा वेळी जुना ट्रॅक्टर तापला, की दोष उन्हास दिला जातो. परंतु ऊन बहुधा निमित्त असते. दोष यंत्रात असतो.

काटा लाल खुणेकडे सरकताच नांगर उचलून ट्रॅक्टर उभा करावा. गरम रेडिएटरचे झाकण मुळीच उघडू नये. उसळत्या वाफेने हात-तोंड भाजते. तापल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो.

इंजिन निवल्यावर पुढील क्रमाने पाहावे :

१. पाणी कमी असल्यास गळती शोधावी.
२. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला भुसा व धूळ काढावी.
३. पंख्याचा पट्टा सैल असल्यास ताणावा.
४. पुन्हा सुरू केल्यावर इंजिन तापूनही वरची नळी थंडच राहिल्यास थर्मोस्टॅट अडकल्याचा संशय घ्यावा.
५. ऑइल दुधाळ दिसल्यास किंवा पाण्यात सतत बुडबुडे येत असल्यास हेड गॅस्केट गेले असावे. ट्रॅक्टर न चालवता मिस्त्रीस दाखवावा.

बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने रेडिएटरमध्ये पुटे चढतात. म्हणून शुद्ध पाण्यात मिसळलेले कूलंटच वापरावे. रोज सकाळी पाच मिनिटे तपासणी केल्यास ऐन नांगरटीतील खोळंबा व मोठा खर्च टळतो, हे ग्रामसेवकांनी शेतकरी बंधूंना अवश्य पटवून द्यावे.