बुटातला खडा

काशीच्या पंचगंगा घाटावर मंगला गौरीचे मंदिर आहे. काशीत ज्या नऊ गौरींची यात्रा करतात, त्यांतली ही एक. मंगळवारी इथे गर्दी असते. माझे आजोळ या मंदिराजवळच्या गल्लीत आहे. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या भागात मराठी कुटुंबे अनेक पिढ्या राहत आली आहेत, त्यामुळे गल्लीत हिंदी आणि उंबऱ्याच्या आत मराठी असा प्रकार असतो. यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी तिथे 12 दिवस होतो आणि एक गोष्ट रोज वहीत टिपत होतो. कोण कशावर चिडते आणि किती वेळ, एवढीच.

लढाई, पूर, दुष्काळ यांवर आपल्या अंकात नेहमी लेख येतात आणि ते यायलाच हवेत. पण माणसाचा दिवस खराब होतो तो बहुधा नळाचे पाणी गेले, पेनाचे टोपण हरवले, शेजारचा आवाज करून चहा प्यायला, अशा कारणांनी. मोठ्या संकटात शांत राहणारी माणसे या बारीक गोष्टींवर का भडकतात, हे मला समजून घ्यायचे होते.

पहिली नोंद बैलाची आहे. आमच्या गल्लीतून दोन माणसे जेमतेम शेजारी शेजारी चालू शकतात. सकाळी तिथे एक सांड येऊन बसला. भाजीवाला थांबला, शाळेची मुले भिंतीला घासून गेली, एक आजोबा त्याच्या पाठीला हात लावून नमस्कार करून पुढे गेले. पाचेक मिनिटे रस्ता बंद होता, पण कुणी एक शब्द बोलले नाही. थोड्या वेळाने त्याच जागी एक मोटारसायकल आली. तिने तीन वेळा हॉर्न वाजवला आणि ती अर्ध्या मिनिटात निघूनही गेली. माझे मामा मात्र दुपारच्या जेवणापर्यंत त्या मोटारसायकलवाल्याबद्दल बोलत होते. वरणात मीठ कमी पडले तेही त्याच्यामुळेच, असे आम्हाला वाटू लागले.

दुसरी नोंद माकडाची. घाटाकडच्या गच्चीवर माकडाने आजीचा चष्मा पळवला. केळे दाखवल्यावर त्याने तो खाली टाकला. एक काडी वाकली, दुरुस्तीचा खर्च झाला, पण आजी ही गोष्ट हसत हसत सगळ्यांना सांगते. शेजारी वाचायला नेलेले वर्तमानपत्र मात्र उलटे घडी घालून परत आले, तर तिने तो विषय दोन दिवस सोडला नाही.

म्हणजे त्रास किती मोठा, यावर चिडणे ठरत नाही. सांड मुद्दाम बसत नाही आणि माकडाला शिष्टाचार कुणी शिकवलेला नाही. हॉर्न वाजवणाऱ्याला आणि घडी बिघडवणाऱ्याला मात्र कळायला हवे होते, असे आपण धरून चालतो. राग येतो तो या ‘कळायला हवे होते’चा.

आवाजाचेही तेच. पंचगंगेच्या शेजारी बालाजी घाट आहे. तिथल्या बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ वर्षानुवर्षे शहनाईचा रियाज करत. काशीतली जुनी माणसे हे किती अभिमानाने सांगतात! आज पहाटे कुणी लाउडस्पीकर लावला तर हीच माणसे खिडक्या आपटून बंद करतात. शहनाई काही हळू वाजणारे वाद्य नव्हे.

सुट्टीहून परत आल्यावर मी शास्त्राच्या सरांना विचारले. या विषयावर खरोखर संशोधन झालेले आहे, हे ऐकून मला आश्चर्य वाटले. अमेरिकेत रिचर्ड लॅझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी रोजच्या किरकोळ कटकटींची 117 प्रकारांची यादी केली होती. वस्तू हरवणे, वाढत्या किमती, घराची डागडुजी, एकाच वेळी फार कामे असणे, असे त्यात होते. मध्यमवयीन 100 माणसांनी ती यादी दर महिन्याला भरली. मनाच्या तक्रारींचा अंदाज आयुष्यातल्या मोठ्या घटनांपेक्षा या कटकटींवरून जास्त चांगला बांधता येतो, असे त्यांना दिसले.

2004 मध्ये डॅनियल गिल्बर्ट यांनी सहकाऱ्यांबरोबर याच्या जवळची एक गोष्ट मांडली. मोठा घाव बसला की मन स्वतःला सावरायला लागते, कारणे शोधते, समजूत घालते. छोट्या टोचणीसाठी मन ही यंत्रणा सुरूच करत नाही. म्हणून कधी कधी छोटी टोचणी जास्त दिवस टिकते. आपल्या भाषेत सांगायचे तर पाय मोडला तर एम. आय. रूममध्ये नेतात, पण बुटातला खडा काढायला रूट मार्चमध्ये कुणी थांबत नाही.

मला सर्वांत उपयोगी वाटला तो ग्लास आणि सिंगर या दोघांचा प्रयोग. त्यांचे पुस्तक 1972 चे आहे. त्यांनी काही लोकांना काम करताना मध्येच कर्कश आवाज ऐकवला. त्यांतल्या काहींना एक बटण दिले होते. ते दाबले की आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका, असे सांगितले. बहुतेकांनी ते दाबलेच नाही, म्हणजे आवाज दोन्ही गटांनी सारखाच सोसला. पण नंतर न सुटणारी कोडी दिली, तेव्हा बटण जवळ असलेल्यांनी कितीतरी जास्त वेळा प्रयत्न केले आणि मजकुरातल्या चुकाही त्यांना जास्त सापडल्या. बटण आहे एवढे माहीत असणेच त्यांना पुरले होते.

आता आपल्या डॉर्मिटरीकडे येतो. पालकांना हे माहीत नसेल म्हणून सांगतो. आमच्याकडे भांडणे परीक्षेवरून किंवा सामन्यावरून फारशी होत नाहीत. ती लॉकरचे दार आपटण्यावरून होतात. लाइट्स आउटनंतर टॉर्च लावण्यावरून, न विचारता पॉलिश घेण्यावरून, प्रेपमध्ये पेन टकटक करण्यावरून, दुसऱ्याच्या कॉटच्या दांडीवर ओला टॉवेल टाकण्यावरून होतात. वॉर्निंग बेलच्या वीस मिनिटे आधी वाजणारे आणि लावणारा सोडून सगळ्यांना उठवणारे घड्याळ हा तर स्वतंत्र विषय आहे. इथे कुणाकडेच बटण नसते. खोली आपली नाही, वेळ आपली नाही, शेजारची कॉट कुणाची हेही आपण ठरवत नाही.

याचा परिणाम मी पाहिलेला आहे. गेल्या सत्रात आमच्या सेक्शनमधले दोन कॅडेट बादलीवरून बोलेनासे झाले. एकाने दुसऱ्याची भरलेली बादली अंघोळीला घेतली, एवढेच कारण. सहावीपासूनचे मित्र होते ते. तीन आठवड्यांनी मॅप रीडिंगच्या सरावात दोघे आमच्याच तुकडीत आले. होकायंत्र एकाकडे आणि नकाशा दुसऱ्याकडे. ओढ्यापाशी आम्ही चुकीच्या बाजूला वळलो, तेव्हा नकाशावाल्याला ते दिसले होते. तो बोलला नाही. ‘तो मला विचारेल तेव्हा सांगीन,’ असे त्याने ठरवले होते, हे त्याने नंतर सांगितले. अंधारात तीन किलोमीटर जास्त चालावे लागले आणि सर्वांत लहान कॅडेटचे पाय सोलून निघाले. उस्ताद काही ओरडले नाहीत. त्यांनी फक्त विचारले, ‘‘सीमेवर असता तर?’’ मला वाटते, त्या रात्री आम्ही बादलीची किंमत शिकलो.

अशा वेळी आपल्याकडे हमखास एकनाथ महाराजांची गोष्ट सांगतात. पैठणला नाथ गोदावरीवर स्नान करून परत येताना एक माणूस त्यांच्यावर थुंकत असे. नाथ काही न बोलता पुन्हा स्नानाला जात. असे एका दिवसात 108 वेळा झाले, शेवटी तो माणूस शरमला, आणि ‘तुझ्यामुळे मला इतकी गोदास्नाने घडली,’ असे नाथ त्याला म्हणाले, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. लहानपणी मला ती फक्त सहनशक्तीची गोष्ट वाटत असे. बटणाचा प्रयोग वाचल्यावर ती वेगळी दिसली. नाथांकडे नदी होती. काय करायचे ते प्रत्येक वेळी त्यांनी स्वतः ठरवले, थुंकणाऱ्याने नाही.

या गोष्टीची दुसरी बाजू काशीत आहे. नाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावर मराठीत टीका लिहायला पैठणला सुरुवात केली. तिचे पहिले अध्याय काशीला पोहोचले, तेव्हा संस्कृतातला ग्रंथ प्राकृत भाषेत आणला म्हणून तिथल्या विद्वानांनी आक्षेप घेतला आणि नाथांना बोलावून घेतले, असे चरित्रकार सांगतात. नाथ गेले. त्यांनी लेखन थांबवले नाही आणि भाषाही बदलली नाही. शके 1495 मध्ये, म्हणजे 1573 साली, कार्तिक पौर्णिमेला काशीतच तो ग्रंथ पुरा झाला. 31 अध्याय, 18 हजारांहून अधिक ओव्या. अंगावरची थुंकी त्यांनी नदीत धुऊन टाकली, पण मराठीत लिहू नका म्हटल्यावर ते ऐकून घेऊन गप्प बसले नाहीत. कोणती गोष्ट बारीक आणि कोणती मोठी, हे त्यांना पक्के ठाऊक होते. कार्तिकात पंचगंगेवर बांबूंना टांगलेले आकाशदिवे लागतात. ते पाहताना मला ही तारीख आठवली आणि आपली भाषा या गावात किती जुनी आहे असे वाटले. हे जरा विषय सोडून झाले.

याच ग्रंथाचा तेविसावा अध्याय भिक्षुगीताचा आहे. अवंतीचा एक कंजूष धनिक सगळे गमावून भिक्षू होतो. गावातले लोक त्याची काठी घेतात, भांडे पळवतात, परत देतो म्हणून दाखवतात आणि पुन्हा हिसकावतात. त्याने मौन धरले तर बोलायला भाग पाडतात. (हे वाचून आमच्या हाउसची आठवण आली नाही असा कॅडेट नसेल.) भिक्षू म्हणतो की माझ्या दुःखाचे कारण ही माणसे नाहीत, ग्रह नाहीत, काळही नाही, माझे मन आहे. तो दाखला देतो तो असा, की आपल्याच दातांनी आपली जीभ चावली तर रागावायचे कुणावर?

इथे मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. हे भिक्षूने स्वतःला सांगितले आहे. काठी पळवणाऱ्यांनी ते त्याला सांगितलेले नाही. आमच्याकडे एका लहान कॅडेटची टोपी रोज फॉल-इनच्या आधी लपवली जाई आणि त्याला रोज शिक्षा होई. तो रडला तेव्हा एका मोठ्या मुलाने त्याला ‘एकनाथांसारखे हो’ असे सांगितले. टोपी लपवणे ही एकदा झाली तर गंमत असते. रोज, ठरवून, एकाच मुलाची, आणि त्याला शिक्षा व्हावी म्हणून लपवली तर ती बारीक कटकट राहत नाही. तिथे सोसायला सांगणे चूक आहे, सांगणाऱ्याने कितीही ओव्या पाठ केलेल्या असोत. ती गोष्ट हाउसमास्टरांपर्यंत नेली गेली आणि बंद झाली. पालकांनी सुट्टीत मुलांना हा फरक जरूर विचारावा. ‘त्रास होतो का?’ असे विचारले तर मुले नाही म्हणतात. ‘रोज होतो का, आणि तुलाच होतो का?’ असे विचारून पाहा.

बाकीच्या खऱ्याखुऱ्या बारीक त्रासांसाठी आम्ही एक प्रयोग केला. एका रविवारी डॉर्मिटरीतल्या प्रत्येकाने एका चिठ्ठीवर आपल्याला होणारा एकच त्रास लिहिला. नाव लिहायचे नाही, आपले नाही आणि दुसऱ्याचेही नाही. 22 चिठ्ठ्या आल्या. सेक्शन कमांडरने त्या मोठ्याने वाचल्या. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर कुणीतरी म्हणाले, ‘‘अरे, तो मी! पण आवाज तिथपर्यंत येतो?’’ मामांच्या मोटारसायकलवाल्याला कदाचित हेच म्हणायचे असेल. लॉकरच्या दारांना आतून जुन्या मोज्याचा तुकडा लावला, आता ती आपटत नाहीत. पॉलिशची एक डबी खिडकीत सगळ्यांसाठी ठेवली. टॉर्चवाल्याला कोपऱ्यातली कॉट दिली. घड्याळवाल्याने घड्याळ उशीखाली घेतले, त्यामुळे आता ते वाजले तरी तोही उठत नाही आणि आम्हीही नाही. दोनदा पीटीला उशीर झाल्यावर ते पुन्हा बाहेर काढावे लागले, पण या वेळी कुणी कुरकुर केली नाही.

चार चिठ्ठ्या घोरण्याबद्दल होत्या. त्यावर अजून उपाय सापडलेला नाही. घोरणाऱ्याला हलवून उठवले तर तो म्हणतो, मी तर जागाच होतो, पण तुमच्या कुजबुजीने झोप लागत नाही.