खांद्याचा संधिवात : सांधा राखणारी दुर्बिणीची शस्त्रक्रिया

फळ्यावर लिहिणे, भारा उचलणे, केस विंचरणे ही कामे खांदा निरोगी असेपर्यंत आपल्या लक्षातही येत नाहीत. शरीरातील सर्वांत अधिक फिरणारा सांधा तो हाच. दंडाच्या हाडाचा गोल माथा खांद्याच्या पात्यावरील उथळ खोबणीला टेकलेला असतो आणि दोहोंवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. वयोमानाने, जुन्या दुखापतीने किंवा खांदा वारंवार निखळल्याने हा थर झिजला की हाडावर हाड घासू लागते, कडेला हाडाचे उंचवटे वाढतात व सांध्याचे आवरण आखडते. हाच झिजेचा संधिवात होय.

विकार बळावल्यावर कृत्रिम सांधा बसविणे हा प्रस्थापित उपाय आहे. पॅरिस येथे १८९३ साली जूल पेआँ यांनी क्षयग्रस्त खांद्यात प्लॅटिनम व रबराचा सांधा बसविला होता. पुढे १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील डॉ. चार्ल्स नीर यांनी आधुनिक कृत्रिम सांध्याचा पाया घातला. वृद्ध रुग्णांना त्याचा चांगला लाभ होतो. परंतु चाळिशी-पन्नाशीतील कष्टकरी माणसापुढे अडचण उभी राहते. खोबणीत बसविलेला भाग काळांतराने सैल होण्याचा संभव असतो आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीहून अवघड असते. अशा रुग्णांसाठी मूळ सांधा राखण्याचा मार्ग महत्त्वाचा ठरतो.

सांध्यात दुर्बीण घालण्याची कल्पना नवी नाही. टोकियोच्या केंजी ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशय तपासण्याच्या दुर्बिणीने मृतदेहाच्या गुडघ्याचे अंतरंग पाहिले होते. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी हे तंत्र व्यवहारात आणले. खांद्याच्या संधिवातासाठी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील डॉ. पीटर मिलेट यांनी अनेक उपायांची एकत्रित शस्त्रक्रिया रूढ केली. लहान छिद्रांतून दुर्बीण व अवजारे आत घालून सैल तुकडे काढतात, खडबडीत कूर्चा साफ करतात, वाढलेले हाड तासतात आणि आखडलेले आवरण मोकळे करतात. सांध्याखालून जाणारी, खांद्यावरील स्नायूला चेतना देणारी नस दाबली गेली असल्यास तीही मोकळी करतात. या नसेला इजा होऊ नये म्हणून अनुभवी शल्यविशारदच हवा.

या शस्त्रक्रियेने झिजलेली कूर्चा पुन्हा उगवत नाही. वेदना घटते, हालचाल वाढते व वेळ मिळतो. मिलेट यांच्या गटाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच वर्षांनंतर सुमारे ७७ टक्के खांद्यांना कृत्रिम सांध्याची गरज पडली नव्हती. २०२१ च्या अहवालात दहा वर्षांनंतर हे प्रमाण सुमारे ६३ टक्के होते. हे आकडे एकाच केंद्रातील, निवडक रुग्णांचे आहेत, हे विसरता कामा नये. क्ष-किरण चित्रात सांध्यातील फट २ मिलिमीटरहून कमी असेल किंवा माथा व खोबण यांचा आकारच बिघडला असेल, तर अपयशाचा संभव वाढतो.

म्हणूनच वेळेला महत्त्व आहे. खांदा दुखतो म्हणून महिनोन्‌महिने केवळ वेदनाशामक गोळ्या घेत राहणे हितावह नाही. प्रत्येक दुखणारा खांदा संधिवाताचा असतो असेही नाही. मधुमेही व्यक्तींत खांदा आखडण्याचा निराळा विकार अधिक आढळतो आणि त्यातील बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. तपासणी व क्ष-किरण चित्र यांवरून हा भेद बव्हंशी कळतो. संधिवात ठरला तरी आरंभी व्यायाम, औषधे व कामाच्या पद्धतीत बदल हेच उपाय योजावयाचे असतात. शस्त्रक्रिया झाल्यावरही शिकविलेला व्यायाम नेमाने केला नाही, तर मोकळा झालेला सांधा पुन्हा आखडतो.

शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व अधिकारी यांच्या शब्दाला गावात वजन असते. हात वर जाईनासा झालेल्या माणसाला त्यांनी अस्थिरोगतज्ज्ञाकडे वेळीच पाठविले, तर सांध्यात फट शिल्लक असतानाच निर्णय घेता येईल. ती नाहीशी झाल्यावर सांधा राखण्याचा मार्ग बहुधा उरत नाही.