‘तुझ्याजवळ’ या शब्दाचा हक्क

पवित्र कुरआनच्या सूरह बनी इस्राईलमध्ये (आयत 23-24) अल्लाहने केवळ आपलीच उपासना करण्याच्या आदेशाला जोडूनच माता-पित्यांशी सद्वर्तनाचा आदेश दिला आहे. त्यांना ‘उफ्’देखील म्हणू नये, ही शिकवण आपल्या मुलांनाही ठाऊक असते. मात्र त्याच आयतीतील ‘इन्दक’ या शब्दापाशी आपण क्वचितच थांबतो. त्याचा अर्थ ‘तुझ्याजवळ’. आई-वडिलांचे वार्धक्य अपत्याच्या सान्निध्यात यावे, असा त्यात संकेत आहे.

वडवणीसारख्या तालुक्यात हा शब्द आपली परीक्षा घेतो. मुकादमाकडून उचल घेतलेली ऊसतोड जोडपी दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. इतर तरुण कामधंद्यासाठी पुण्या-मुंबईला जातात. मागे उरतात वृद्ध आई-वडील आणि पुष्कळदा त्यांच्या भरवशावर ठेवलेली नातवंडे. पोटासाठी दूर जाणे हा गुन्हा नव्हे. हलाल रोजी कमावणे कर्तव्यच आहे. प्रश्न एवढाच, की दूर असतानाही ते ‘आपल्याजवळ’ कसे राहतील?

पहिली बाब खर्चाची. गरजू आई-वडिलांचा निर्वाह सुस्थितीतील मुला-मुलींवर वाजिब आहे. म्हणूनच त्यांना जकात देता येत नाही. दिल्यास ती अदा होत नाही. ज्यांचे आपण देणे लागतो, त्यांना दान कसले द्यायचे? देशाच्या 2007च्या कायद्यानेही वृद्ध माता-पित्यांना निर्वाहखर्चासाठी न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. परंतु आईला तिथवर जावे लागणे, हीच अपत्यांची नामुष्की होय.

दुसरी बाब सोबतीची. पैसा बँकेत जमा होतो. पण रक्तदाबाची गोळी संपली, आजी दोन दिवस चहा-भाकरीवर आहेत, हे बँक सांगत नाही. म्हणून हंगामाला निघण्यापूर्वी भावंडांनी एकत्र बसून ठरवावे : औषध कोण आणील, दवाखान्यात कोण नेईल, रोज फोन कोण करील. शक्य असल्यास एकाने मागे राहावे व इतरांनी त्याच्या बुडालेल्या मजुरीचा भार वाटून घ्यावा. सध्या रमजानही याच हंगामात येतो. उपवास पेलत नसलेल्या वृद्धांना फिद्याची सवलत आहे. साखरेचा आजार असणाऱ्यांनी आधीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. हे त्यांना मायेने समजावणे, हीसुद्धा सेवाच.

तिसरी बाब मोहल्ल्याची. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या मस्जिदीची झाडलोट करणारी एक स्त्री काही काळ दिसली नाही, तेव्हा त्यांनी तिची चौकशी केली. ती निवर्तली होती. लोकांना ते कळवण्याजोगे वाटले नव्हते. प्रेषितांनी (स.) तिची कबर विचारून घेतली आणि तेथे जाऊन तिच्यासाठी नमाज अदा केली. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. जो दिसत नाही त्याची विचारपूस करणे, ही सुन्नत त्यातून शिकावी.

एखादे वृद्ध गृहस्थ फजरला आले नाहीत, तर शेजारच्या नमाजीने परतताना त्यांचे दार वाजवावे. मस्जिदीत न येणाऱ्या वृद्ध स्त्रियांकडे शेजारणींनी दिवसातून एकदा डोकवावे. क्षणभर बसावे, त्यांना बोलते करावे. त्यांचे जुने अनुभव ऐकावेत. आपले ऐकणारे कोणी आहे, ही जाणीवही म्हाताऱ्या जिवाला उभारी देते.

अल्लाह आपणा सर्वांना हा हक्क अदा करण्याची तौफीक देवो. आमीन.